हलगीच्या हाताचा मिडी पॅड घरच्या घरी कसा बांधायचा

बाजारातले बहुतेक स्वस्त मिडी कंट्रोलर, म्हणजे संगणकातले आवाज हाताने वाजवायची साधनं, बोटांसाठी बनवलेले असतात. रबरी चौकोन दाबायचा आणि आवाज काढायचा. हलगी वाजवणाऱ्या माणसाला त्यावर हात मोकळा करताच येत नाही. त्याच्या एका हातात जाडसर टिपरू असतं, दुसऱ्यात बारीक लवचिक काडी. त्याची सगळी भाषा 'किती जोरात' आणि 'नेमकं कुठे' या दोन गोष्टींत असते. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला नंदीध्वजांपुढे ज्यांनी हलग्या ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मधला ठोका आणि कडेचा ठोका यांतला फरक, दबका हात आणि फुटलेला हात यांतला फरक पोचला नाही, तर उरते ती नुसती खटखट.

म्हणून इथे असा पॅड बांधू जो टिपरू आणि काडीने वाजवायचा, ज्याला मध्य आणि कड वेगळी कळते आणि जो ठोक्याचा जोर इमानदारीने पुढे पोचवतो. सोबत आवाज बदलायला दोन नॉब. इलेक्ट्रॉनिक्सचं थोडंफार काम केलेल्या कुणालाही हे दोन-तीन रविवारांत जमेल. सोल्डरिंग गन पहिल्यांदाच हातात घेणाऱ्याने आधी जुन्या रेडिओच्या बोर्डावर दोन संध्याकाळी हात बसवून घ्यावा.

मिडी म्हणजे काय, थोडक्यात

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, सूचना जाते. 'हा स्वर, एवढ्या जोराने, आत्ता.' १९८३ साली अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवले गेले. तेव्हापासून ही भाषा फारशी बदललेली नाही. एका ठोक्याची सूचना तीन आकड्यांची असते. पहिला आकडा काम आणि चॅनेल सांगतो, दुसरा स्वर, तिसरा जोर. स्वर आणि जोर दोन्ही ० ते १२७ मध्ये बसतात. तालवाद्यांसाठी १० नंबरचं चॅनेल वापरायची पद्धत आहे. कोडमध्ये मात्र चॅनेल शून्यापासून मोजतात, त्यामुळे तिथे ९ लिहायचं. पॅड जोडलेला दिसतो, पण आवाज येत नाही, या तक्रारीमागे बऱ्याचदा हा एका आकड्याचा घोळ असतो.

सामान

मेंदूसाठी आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हा छोटा, प्रोग्रॅम भरता येणारा बोर्ड घ्या. दोन्हींत एटमेगा ३२यू४ ही चिप आहे. ती स्वतः यूएसबी बोलते, त्यामुळे संगणक तिला थेट मिडी वाद्य म्हणून ओळखतो. सगळीकडे सहज मिळणारा आर्डुइनो उनो आर३ इथे नको. त्याची मुख्य चिप यूएसबी जाणत नाही, मग संगणकावर मधला दुभाषी प्रोग्रॅम सतत चालू ठेवावा लागतो. राझ्बेरी पाय पिकोही उत्तम चालतो, पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्याचं वाचन ० ते ४०९५ मध्ये येतं. खालचे आकडे ५ व्होल्टच्या बोर्डाचे आहेत. पिकोवर ते त्या हिशेबाने बदलून घ्या.

ठोका ओळखायला पिझो चकत्या लागतात. बझरमध्ये असते तीच ही पितळी चकती. २७ मिलिमीटरच्या, तारा आधीच जोडलेल्या घ्या. मधल्या पांढऱ्या थरावर स्वतः सोल्डर करताना उष्णता जास्त झाली तर तो थर उखडतो. तीन लागतील, पण सहा आणून ठेवा. याशिवाय १ मेगाओमचे आणि १० किलोओमचे दोन-दोन रेझिस्टर, १एन४१४८ जातीचे चार डायोड आणि नॉबसाठी १० किलोओमचे दोन पोटेन्शिओमीटर. पोटेन्शिओमीटर घेताना दुकानदाराकडे 'लिनियर' म्हणजे अंगावर बी छापलेला मागा. आवाजाच्या बटणाचा ए छापलेला घेतला, तर नॉब अर्धा फिरेपर्यंत फारसं काही होत नाही आणि पुढे एकदम सगळं होतं.

रेझिस्टर, डायोड, चकत्या सोलापुरात टीव्ही दुरुस्तीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत मिळतात. बोर्ड तिथे मिळाला नाही तर ऑनलाइन मागवा, किंवा कुणी पुण्याला निघालं असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणायला सांगा.

लाकूडकाम सुताराकडून करून घेणं शहाणपणाचं. १२ मिलिमीटर प्लायची १२ इंच व्यासाची गोल बैठक हवी. ४ मिलिमीटर प्लायची साडेआठ इंचांची चकती मध्यासाठी. कडेसाठी ६ मिलिमीटर प्लायचं कडं, बाहेरून १२ इंच आणि आतून साडेनऊ इंच. म्हणजे चकती आणि कडं यांच्यात सगळीकडे अर्धा इंच फट राहील. ती फट महत्त्वाची आहे. दोन्ही भाग एकमेकांना चिकटले तर मध्यावरचा ठोका कडेतही घुमतो आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. चप्पल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात १० मिलिमीटरची ईव्हीए (चपलेच्या तळव्याचा फोम) शीट आणि ३-४ मिलिमीटरची रबर शीट मिळते. ती चिकटवायचा डिंकही तिथेच घ्या.

बांधणी

बैठकीवर ईव्हीएचे तुकडे चिकटवा. मधल्या चकतीखाली इंच-दीड इंचाचे सहा-सात तुकडे विखरून, कड्याखाली आठ तुकडे समान अंतरावर. चकती आणि कडं या तुकड्यांवर तरंगतं राहायला हवं. बैठकीला स्क्रू मारून त्यांना कसू नका.

पिझो चकती प्लायच्या खालच्या बाजूला लावायची, पण बरोबर केंद्रात नाही. केंद्रात लावली तर तिच्या डोक्यावर पडलेला ठोका भलताच मोठा वाचला जातो आणि दोन इंचांवरचा फिका. केंद्रापासून दोन-अडीच इंच बाजूला लावली की वाचन बऱ्यापैकी सारखं होतं. कड्याला दोन पिझो लावा, समोरासमोर, आणि त्यांच्या तारा समांतर जोडा, लाल लालला, काळी काळीला. एकाच पिझोवर कड्याची पलीकडची बाजू बहिरी राहते.

चिकटवायला ग्लू गनची कांडी सगळे सुचवतात. सोलापुरात मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात बंद उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत हा गोंद मऊ पडतो आणि पिझो अर्धवट सुटतो. बाहेरून काही दिसत नाही, फक्त पॅडचा हात बदलतो. चकतीसाठी दोन भागांचा इपॉक्सी वापरा, पातळ थर द्या आणि रात्रभर वजन ठेवा. पिझोची तार जिथे जोडलेली असते, तो सांधा या पॅडचा सर्वांत कमकुवत भाग आहे. तारेला थोडी ढील देऊन, सांध्यापासून इंचभर अंतरावर तिला प्लायला पक्की चिकटवा, म्हणजे ओढ सांध्यावर येणार नाही.

मध्यावर जाड रबर आणि कड्यावर पातळ रबर चिकटवा. काडीचा मार हलका असतो, त्यामुळे तिच्या आड फार काही येऊ देऊ नका. संपूर्ण पॅड टेबलावर ठेवताना खाली एक टेरी टॉवेल चौघडी करून घाला. आपल्या गावात त्याला तोटा नाही, आणि टेबलाला लागलेला धक्का पॅडपर्यंत पोचू न देण्याचं काम तो फार चांगलं करतो. हलगीसारखा खांद्याला अडकवायचा असेल तर बैठकीला दोन कड्या मारून पट्टा घाला.

जोडणी

पिझोवर ठोका पडला की तो क्षणभर वीज तयार करतो. जोरदार ठोक्याला ती ५ व्होल्टच्या बरीच वर जाते आणि लगेच उलट्या दिशेलाही जाते. बोर्डाच्या पिनेला हे दोन्ही सोसत नाही.

पिझोची काळी तार ग्राउंडला. लाल आणि काळी यांच्यामध्ये १ मेगाओमचा रेझिस्टर. तो साठलेली वीज वाहून नेतो, नाहीतर ठोका संपल्यावरही वाचन खाली येत नाही. लाल तारेतून १० किलोओमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे बोर्डाची पिन. मध्याला ए० आणि कड्याला ए१. आता प्रत्येक पिनेवर दोन डायोड. एक पिनेकडून ५ व्होल्टकडे, काळी पट्टी ५ व्होल्टच्या बाजूला. दुसरा ग्राउंडकडून पिनेकडे, काळी पट्टी पिनेच्या बाजूला. जास्तीची वीज वर गेली की पहिला डायोड ती वळवतो, खाली गेली की दुसरा. बऱ्याच आराखड्यांत यांच्याजागी ५.१ व्होल्टचा एकच झेनर डायोड असतो. तोही बोर्ड वाचवतो, पण ५ व्होल्ट गाठण्याआधीच तो हळूहळू गळायला लागतो आणि जोरदार ठोक्यांमधला फरक दबून जातो. हलगीसाठी बांधत असाल तर तो फरकच जपायचा आहे, म्हणून दोन डायोडचा त्रास घ्या.

पोटेन्शिओमीटरचं सोपं आहे. बाहेरचे दोन पाय ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय ए२ ला. दुसऱ्याचा ए३ ला.

प्रोग्रॅमचा विचार

कोड कुठूनही उचलता येतो. त्यातले आकडे मात्र उचलून चालत नाहीत. ते तुमच्या लाकडाचे, तुमच्या रबराचे, तुमच्या हाताचे असतात.

आधी काहीच न पाठवता फक्त वाचन पाहा. आर्डुइनोच्या सीरियल प्लॉटरमध्ये ए० आणि ए१ चे आलेख काढा. कुणीही हात न लावता रेघ किती थरथरते ते पाहा. ती १५ पर्यंत उडत असेल तर उंबरठा, म्हणजे ठोका मानायची खालची हद्द, ३०-४० ठेवा. मग सर्वांत हलका ठोका, नेहमीचा ठोका आणि पूर्ण ताकदीचा ठोका मारून आकडे वहीत लिहा. नेहमीच्या ठोक्यालाच १०२३, म्हणजे वाचनाची कमाल, दिसत असेल, तर वरच्या ठोक्यांना जागाच उरलेली नाही. अशा वेळी १ मेगाओमच्या जागी ४७० किंवा २२० किलोओम लावून पाहा, किंवा रबर एक थर वाढवा.

आता मुख्य काम. वाचन उंबरठ्याच्या वर गेलं की लगेच सूचना पाठवायची नाही. पुढचे २ मिलिसेकंद (ही आपली खिडकी) वाचत राहायचं आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. तोच ठोक्याचा जोर. पाठवल्यावर काही काळ त्या पिनेकडे दुर्लक्ष करायचं, कारण प्लाय अजून थरथरत असतो आणि एका ठोक्याचे तीन होतात.

हा दुर्लक्षाचा काळ किती ठेवायचा? नमुन्याच्या कोडमध्ये ५० किंवा १०० मिलिसेकंद लिहिलेले असतात. हलगीला ते चालत नाहीत. लय मिनिटाला १८० मात्रांची असेल तर एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची होते. एका मात्रेत आठ ठोके भरले तर दोन ठोक्यांत जेमतेम ४२ मिलिसेकंद उरतात. म्हणून २५ ते ३० च्या वर जाऊ नका. तेवढ्यात दुहेरी ठोके येत असतील तर आकडा वाढवू नका, लाकडाकडे परत जा. ईव्हीए कडक आहे, किंवा चकती कुठेतरी कड्याला टेकली आहे.

मध्य आणि कड वेगळं ओळखायचं तर दोन्ही पिझो एकाच खिडकीत वाचायचे आणि ज्याचा आकडा मोठा त्याचाच ठोका मानायचा. कड्याचा पिझो मुळात कमी वाचत असेल तर तुलनेआधी त्याला दीड किंवा दोनने गुणा. एक बारीक अडचण इथे येते. या चिपमध्ये वाचणारा भाग एकच आहे, तो आळीपाळीने पिनांना जोडला जातो. पिझोसारख्या दुबळ्या स्रोतावर मागच्या पिनेचा अंश पुढच्या वाचनात मिसळतो. त्यामुळे पिन बदलल्यावरचं पहिलं वाचन टाकून दुसरं धरा. एका वाचनाला साधारण ११० मायक्रोसेकंद लागतात. दोन पिनांची दोन-दोन वाचनं अर्ध्या मिलिसेकंदात होतात, म्हणजे दोन मिलिसेकंदांच्या खिडकीत चार फेऱ्या मिळतात. तेवढ्या पुरतात. नॉब मात्र दर १० मिलिसेकंदांनी एकदाच वाचा आणि खिडकी उघडी असताना अजिबात वाचू नका.

जोराचा आकडा सरळ प्रमाणात पाठवला तर दबके ठोके जवळजवळ ऐकूच येत नाहीत. वर्गमूळाचा वक्र वापरा. मोजलेल्या आकड्यातून उंबरठा वजा करा, उरलेल्या पल्ल्याने (१०२३ वजा उंबरठा) भागा, वर्गमूळ काढा, १२६ ने गुणा, १ मिळवा. उंबरठा ४० असताना २८५ वाचलं तर सरळ हिशेबात जोर ३२ येतो, वर्गमुळाने ६४. हाताला दुसरा आकडा खरा वाटतो. तरी हलगी येणाऱ्या माणसाच्या हातात पॅड देऊन, त्याला न सांगता दोन्ही वाजवायला द्या. त्याचा चेहरा पाहून ठरवा.

सूचना पाठवताना दहाव्या चॅनेलवर 'स्वर सुरू'चा आकडा १५३ आणि 'स्वर बंद'चा १३७. मध्याला स्वर ३६, कडेला ३७. नॉबसाठी १८५. त्यातल्या एकाला ७४ नंबर द्या, बऱ्याच सिंथेसायझरमध्ये तो आवाजाचा उजळपणा बदलतो. दुसऱ्याला २० ते ३१ मधला कुठलाही मोकळा नंबर. नॉबचं वाचन १२७ च्या पट्टीत आणायला ८ ने भागा. फरक खरोखर पडला असेल तरच पाठवा, नाहीतर स्थिर नॉबही दोन आकड्यांमध्ये अखंड हिंदकळत राहतो. मिडीयूएसबी लायब्ररी वापरत असाल तर प्रत्येक ठोक्यानंतर फ्लश करायला विसरू नका. तो नसला की ठोके अडून राहतात.

भुताचे ठोके

पॅडला कुणी हात लावलेला नाही आणि तरी आवाज येतोय. जुन्या घरांत हे फार होतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा. सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागे तार असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या, आणि नळाच्या पाइपाला तार बांधायचा घरगुती उपाय अजिबात करू नका. तो जीवावर बेतू शकतो. पिझोच्या लाल-काळ्या तारा एकमेकींभोवती पीळ देऊन घेतल्या आणि शक्य तितक्या आखूड ठेवल्या, तरी ५० हर्ट्झची घरघर बरीच कमी होते.

आवाज आपला हवा

तयार हलगीचे नमुने शोधत बसण्यापेक्षा स्वतः रेकॉर्ड करा. हलगीवादकाला बोलवा, मानधन ठरवून द्या, आणि हे आवाज कशासाठी वापरणार ते आधी सांगा. पुढे कुठे वाजवलंत तर त्याचं नाव घ्या. कातडं शेकून चढवल्यावर तासाभरात स्वर पुन्हा उतरायला लागतो, म्हणून सगळी तयारी आधी करून ठेवा आणि हलगी तापली की थेट सुरुवात करा. मोकळ्या मैदानात, पहाटे, माइक किंवा फोन पाच-सहा फुटांवर. जवळ धरला तर आवाज फाटतो. मधला ठोका दबका, मध्यम आणि पूर्ण, प्रत्येकी पाच-सहा वेळा. कडेचाही तसाच. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ठोका त्याच्या सुरुवातीला घट्ट कापा. आधी राहिलेली १० मिलिसेकंदांची शांतता वाजवताना उशीर म्हणून जाणवते.

हायड्रोजन हा मोफत ड्रम प्रोग्रॅम जोराप्रमाणे वेगवेगळे थर लावू देतो. १ ते ४५ ला दबका, ९५ पर्यंत मध्यम, पुढे पूर्ण. एका थरात पाचही नमुने आळीपाळीने वाजले की यांत्रिक कोरडेपणा जातो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला कुणाचा यंत्रमाग कारखाना ओळखीचा असेल तर परवानगी घेऊन तिथेही जा. धोट्याचे जुने माग मिनिटाला साधारण शंभर ते दीडशे फेऱ्यांनी चालतात, म्हणजे नाचायच्या लयीतच. धोटा एका टोकाला आदळतो तो आवाज आणि फणी ठोकते तो आवाज वेगळे कापून कड्यावर लावून पाहा. मागाचा वेग मोजून प्रोग्रॅमची लय तीच ठेवली, तर हलगी त्यावर सहज बसते. सोलापूरचे हे दोन आवाज एकमेकांना किती धरून आहेत हे तेव्हा कळतं.

उशीर

ठोका आणि आवाज यांच्यात १०-१२ मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की वाजवणाऱ्याचा हात अडखळतो. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये बफर, म्हणजे एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा, १२८ नमुन्यांचा ठेवा. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या गतीला तो सुमारे २.७ मिलिसेकंद होतो, ५१२ ला १०.७. विंडोजवर साध्या ड्रायव्हरने हे जमत नाही, असिओफोरऑल हा ड्रायव्हर टाका. अँड्रॉइड ६ पासून पुढचे बरेच फोन ओटीजी केबलने हा पॅड ओळखतात, पण फोनचा उशीर मॉडेलप्रमाणे बराच बदलतो. रियाजाला फोन चालेल, कार्यक्रमाला लॅपटॉपच न्या. ब्लूटूथ स्पीकर तर मुळीच जोडू नका. त्याचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या वर सहज जातो. स्पीकर वाजवणाऱ्यापासून तीन मीटर लांब असेल तर हवेतच आणखी ९ मिलिसेकंद जातात, तेव्हा एक स्पीकर पायाशी ठेवा.

कार्यक्रमाला जाताना यूएसबी केबल बैठकीला क्लिपने अडकवा, म्हणजे कुणाचा पाय लागला तरी बोर्डाचं सॉकेट उखडणार नाही. प्रो मायक्रोचं सॉकेट त्या बाबतीत फारच नाजूक आहे. तोच प्रोग्रॅम भरलेला दुसरा बोर्ड खिशात ठेवा आणि पिझोच्या तारा बोर्डाला सोल्डर न करता स्क्रूच्या कनेक्टरने जोडा, म्हणजे दोन गाण्यांच्या मधल्या वेळात बोर्ड बदलता येईल.